दह्याचं नाव

मेघाचे पाय कधी थकायचे नाहीत. दगा द्यायचं ते पोट. सोनगीरच्या किल्ल्याखालच्या वस्तीवरून पहाटे निघावं, हायवेच्या कडेकडेने नगावबारीपर्यंत पळत यावं आणि तिथून मागे फिरावं, हा तिचा रोजचा सराव होता. पण शर्यत लांबली, ऊन वर आलं, की पोटात ओला कपडा पिळावा तसा पीळ बसायचा. नाशिकला तिसऱ्या नंबरावर असताना ती झुडपामागे जाऊन बसली. पुढच्या वर्षी जळगावला झुडपापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही. बघ्यांसमोर, रस्त्याच्या मधोमध वाकून ओकली आणि दुभाजकाला धरून उभी राहिली. दोन पोरं हसली. तिच्या भावाने त्यातल्या एकाचं नाक फोडलं.

भाऊ म्हणजे हितेंद्र. सोनगीर फाट्यावर त्याचं टायरचं दुकान. दिवसभर ट्रकची चाकं खोलायची आणि पहाटे बहिणीच्या बाजूने मोटारसायकल चालवायची, अशी त्याची वर्षं गेली होती. वस्तीवरच्या बाया सुरुवातीला तोंडाला पदर लावून म्हणायच्या, एवढी मोठी पोर हाफ पँट घालून पळते. हितेंद्र एकेकीच्या दारात गेला आणि त्यांच्या नवऱ्यांना काय सांगायचं ते सांगून आला. नंतर कोणी काही बोललं नाही. जळगावला त्या पोराच्या शर्टावर रक्त गळताना मेघाने पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं.

पोटाचं कोडं सोडवायला घेतलं ते अरिबाने. दोघी धुळ्याच्या कॉलेजात एकाच मैदानावर घाम गाळलेल्या. मेघा पळायची, अरिबा थाळी फेकायची. आता अरिबा जळगावला विद्यापीठात जीवाणूंचा अभ्यास करत होती आणि सुट्टीला धुळ्याला घरी यायची. तिचे वडील अतिकभाई. पांझरेच्या पुलापलीकडे देवपुरात त्यांचं दूध-दह्याचं छोटं दुकान होतं.

"तू पळतेस तेव्हा रक्त जातं पायांत आणि कातडीत," अरिबाने तिला दुकानाच्या बाकावर बसवून सांगितलं होतं. "आतड्याच्या वाट्याला काही उरत नाही. त्यात ऊन. मग त्याचं अस्तर कच्चं पडतं, नको ते आत झिरपतं आणि तू ओकतेस."

"मग मी पळायचं सोडू?"

"पायांना सराव दिलास ना? तसाच पोटाला दे. आत जे चांगले जीवाणू असतात त्यांना रोज खाऊ घाल. अब्बूंच्या विरजणातले मी लॅबमध्ये बघितलेत, दणकट आहेत. पण दही म्हणजे औषध नाही, सवय आहे. आज खाल्लं आणि उद्या जिंकलं, असं होत नाही. आणि एक लक्षात ठेव. शर्यतीच्या दिवशी पोटात नवीन काही म्हणजे काही घालायचं नाही."

आत कढईत दूध ढवळत असलेले अतिकभाई हसून म्हणाले, "हमारे दही का इम्तिहान लेती है ये लडकी."

दिवाळीपासून मेघा रोज ते दही खाऊ लागली. धुळ्याहून सोनगीरला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती अतिकभाई रोज तिच्यासाठी वेगळं मडकं पाठवायचे. ज्वारीची भाकरी कुस्करायची, वर दही, थोडं मीठ. पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही. मग हळूहळू पीळ उशिरा बसू लागला, आणि संक्रांतीनंतर एकदा ती धुळ्यापर्यंत जाऊन परत आली तरी पोट गप्प होतं. अंगणात आल्यावर तिने आईला, यशोदाबाईला, मिठी मारली.

हितेंद्रला मात्र दह्यावर भरवसा ठेवणं जमेना. एवढी मोठी गोष्ट, आणि ती मडक्यात? तो जळगावच्या एका जिमच्या दुकानातून चकचकीत डबा घेऊन आला. डब्यावर परदेशी बाईचं सपाट पोट.

"येनामा हजार कोटी जिता जंतू शेतस," तो म्हणाला. "तुन्हा त्या दहीमा कितला शेतस, कोनी मोजेल शे का?"

"अरिबाला विचारते."

"अरिबा, अरिबा! भाऊ कोन शे तुन्हा?"

मेघाने डबा उघडला. नारंगी रंगाची पूड, गोळ्यांसारखा गोड वास. "नको भाऊ. शर्यत तोंडावर आलीय. आता नवीन काही नको." तिने झाकण लावून डबा त्याच्या हातात परत दिला. तो डबा घेऊन निघून गेला.

शर्यत धुळ्याचीच होती. नदीकाठावरून निघायचं, सोनगीरला वळसा घालायचा आणि परत. मार्च लागला होता. सकाळी तिने अतिकभाईंच्या दुकानात नेहमीसारखी दही-भाकरी खाल्ली. त्यांनी अर्ध्यावरच वाटी काढून घेतली. "बस, बेटा. आज थोडंच."

ती सुटली ती अशी सुटली की सोनगीरला वळसा घेताना तिच्या मागे रस्ता रिकामा होता. अख्खं गाव बाहेर आलं होतं. भिकुबाई नावाची म्हातारी, जी एकेकाळी तिच्या हाफ पँटीवरून नाक मुरडायची, ती पुढे होऊन ओरडत होती, "पय वं माय, पय!" मेघाला हसू आलं. पोट शांत होतं. पाय तर उडतच होते.

देवभान्याच्या पुढे हितेंद्रची मोटारसायकल बाजूला आली. त्याने बाटली पुढे केली. ऊन टाळूवर बसलं होतं, घसा कोरडा होता. तिने घोट घेतला. पाणी गोड होतं, फार गोड, आणि तळाशी खरखरीत काहीतरी जिभेला लागलं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ग्लुकोज शे. पी," तो म्हणाला.

ती प्यायली. तहान होती म्हणून प्यायली, आणि भावाने दिलं म्हणून प्यायली.

नगावबारीच्या चढावर पहिली कळ आली. ओळखीची नव्हती ही. पीळ नव्हे, सुरी होती. बेंबीच्या खाली कोणीतरी पातं खुपसलं आणि आडवं ओढलं. ती धावत राहिली. दुसरी कळ आली तेव्हा तिने ओठ चावला, तोंडात रक्ताची चव आली. पुढे शहर दिसत होतं. डोळ्यांपुढे रस्ता पाण्यासारखा हलू लागला. मग पोटातून सगळं एकदम वर आलं आणि खालूनही गेलं, आणि तिला ते थांबवता आलं नाही. ती हातांवर पडली. तळहात सोलले. उठली, चार पावलं गेली, पुन्हा पडली. दोन्ही बाजूंना माणसं होती. कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. बऱ्याच जणांनी फोन वर धरले होते.

हितेंद्रने मोटारसायकल तशीच आडवी टाकली. धावत येऊन स्वतःचा शर्ट काढला आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली. "देखू नका रे!" तो गर्दीवर ओरडला. "कोनी देखू नका!" तिला त्याने लहान मुलीसारखं उचललं आणि पाण्याच्या मंडपाकडे नेलं. मागून दुसरी धावपटू निघून गेली, मग तिसरी. त्यांच्या बुटांचा आवाज मेघाला ऐकू येत होता.

मंडपात त्याची पोरं जमली होती, फाट्यावरची, शर्यतीसाठी एकसारखे टी-शर्ट शिवून आलेली. सगळ्यांसमोर हितेंद्रने विचारलं, "सकायले काय खादं व्हतं तू?"

"दही," मेघा म्हणाली.

"कोनाकडलं?"

"अतिकभाईंकडचं."

दही कोणाकडचं ते त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं, आणि मोठ्याने विचारलं. हे तिच्या लक्षात नंतर आलं. त्या वेळी पोटात अजून सुरी फिरत होती, आणि विचारलं त्याला खरं उत्तर द्यावं एवढंच तिला सुचलं.

पोरांपैकी कोणीतरी म्हणालं, "त्यान्हा हातनं खावाले कोनी सांगं व्हतं?" दुसरा म्हणाला, "मुद्दाम घातलं असणार काहीतरी." मग सगळे एकदमच बोलू लागले. मंडपातल्या नर्सने मेघाच्या हाताला सलाईन लावलं. तिने डोळे मिटले. मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज आला, एक, मग खूप.

डोळे उघडले तेव्हा अरिबा समोर होती. शर्यत संपते तिथे ती ताटकळत उभी होती, बातमी कळताच स्कूटर घेऊन आली होती. तिने मेघाची जीभ पाहिली, कपाळाला हात लावला.

"सकाळनंतर काय घेतलंस?"

"पाणी. भाऊने दिलेलं." मेघाने मान वळवली. भावाच्या खिशातून निसटलेली ती बाटली पायाशी पडली होती. अरिबाने उचलली, झाकण काढलं, हुंगली आणि तळ बोटाने खरवडला. बोट नारंगी झालं. तो गोळ्यांसारखा वास मेघापर्यंत आला, आणि डब्यावरची ती बाई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"हितेंद्र कुठे आहे?" अरिबाने विचारलं.

नर्स म्हणाली, "ते दहीवाल्याकडे गेले. सगळी पोरं घेऊन."

अरिबाचा चेहरा पांढरा पडला. मेघाने सुई उपटली. रक्ताची चिळकांडी उडाली. नर्स ओरडत राहिली. बाटली ओढणीच्या टोकात गुंडाळून अरिबा स्कूटरवर बसली, मागे मेघा, कमरेला भावाचा शर्ट, अंगाला वास.

"मी दही म्हणाले," मेघा तिच्या पाठीला म्हणाली. "त्याने विचारलं, मी दही म्हणाले. अतिकभाईंचं नाव पण घेतलं."

अरिबाने स्कूटर जितकी पळेल तितकी पळवली.

दुकानासमोर गर्दी होती आणि काचेचा चुरा. काउंटर आडवा पडला होता. दह्याची मडकी एकेक करून रस्त्यावर आपटली जात होती, पोरं त्यावरून घसरत होती आणि हसत होती. दुधाचे कॅन लाथांनी पालथे केले होते. शेजारच्या दुकानांची शटर खाली होती. मधोमध अतिकभाई गुडघ्यांवर होते, टोपी गेलेली, कपाळ फुटलेलं. हितेंद्रने त्यांचे केस मुठीत धरले होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडात दही कोंबत होता.

"खाय! मन्ही बहीनले जे चारं ते खाय!"

"खातो, बेटा," अतिकभाई म्हणत होते. "खातो ना. मेरा ही दही है. खातो."

ते खरोखरच खात होते. गिळत होते, ठसकत होते, पुन्हा तोंड उघडत होते. त्या दह्याने त्यांना काहीही होत नव्हतं, आणि ते न होणं कोणालाच दिसत नव्हतं. दह्यात रक्त मिसळून त्यांच्या दाढीवरून गुलाबी ओघळ उतरत होते.

"अब्बू!" अरिबा गर्दीत घुसली. एकाने तिची ओढणी ओढली, दुसऱ्याने केसांना धरून तिला शटरवर फेकलं. पत्रा धाडकन वाजला. ओढणीतली बाटली घरंगळत गटारीकडे गेली. अरिबा त्या बाटलीमागे धावली नाही, बापाकडे धावली. तिला पुन्हा फेकलं.

"भाऊ!" मेघा ओरडली. गलक्यात ते बुडालं. तिने पुन्हा ओरडून पाहिलं. "भाऊ, सोड त्यांना! दह्यानं नाही झालं! बाटलीत तू टाकलं होतंस, ती पूड!"

हितेंद्रने मान वर केली. त्याचा हात थांबला. त्याच्या डोळ्यांत मेघाने पाहिलं आणि तिला कळलं की त्याला माहीत आहे. तिला रस्त्यावरून उचलताना माहीत होतं. शर्ट बांधताना माहीत होतं. सगळ्यांसमोर प्रश्न विचारताना तर नक्कीच.

"चूप बैस!" तो म्हणाला. मग त्याने अतिकभाईंच्या बरगडीत लाथ घातली. पहिल्यापेक्षा जोरात. "चूप! चूप!" आता तो कोणाला गप्प करत होता हे त्यालाच माहीत. लाथा घालत तो त्यांना आत भट्टीपर्यंत घेऊन गेला. मेघा धडपडत मागोमाग आत शिरली. भट्टीवर सकाळच्या दुधाची कढई होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आधाराला म्हणून अतिकभाईंनी भट्टीच्या कठड्यावर हात टेकला, हितेंद्रने पुन्हा ढकललं, आणि कढई कलंडली. उकळतं दूध त्यांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत उतरलं. माणसाच्या तोंडून असा आवाज निघतो हे मेघाला ठाऊक नव्हतं. कातडी कोपरापाशी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली आणि सरकली.

पोरं मागे हटली. हितेंद्र हटला नाही. त्याने पुन्हा पाय उचलला.

कढई ढवळायचं उलथणं मेघाच्या पायाशी पडलं होतं. लांब दांड्याचं, लोखंडी, टोक भट्टीने काळं झालेलं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं. अंगात उभं राहण्याची ताकद नव्हती, पण खांद्यांत जोर उरला होता. तिने फिरवलं. उलथणं त्याच्या जबड्यावर बसलं आणि वाळलेली फांदी मोडावी तसा कडकडाट झाला. तो वळला. तोंड एका बाजूला सरकलं होतं, डोळे मोठे झाले होते. "मेघा?" असं काहीतरी तो म्हणाला. तिने दुसऱ्यांदा मारलं. तो दुधात पडला. दोन दात त्याच्या हनुवटीपाशी पांढऱ्यात पांढरे दिसत होते. तिने तिसऱ्यांदा उलथणं उचललं तेव्हा अरिबाने मागून तिचे हात धरले.

"बस," अरिबा म्हणाली. "बस कर. अब्बूंना उचल."

आपल्यातल्याच एकाचं रक्त बघून पोरं पांगली. कोणी मोटारसायकली तिथेच टाकून पळाले. पोलिसांची गाडी आली तेव्हा रस्त्यावर दूध, काच आणि तिघं जखमी एवढंच उरलं होतं. मेघाला त्यानंतरचं आठवत नाही. ती बसल्या जागी कोसळली होती.

शुद्धीवर आली ती सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, शरीरातलं पाणी पार उतरलं होतं, शौचातून रक्त गेलं होतं. गटारीपाशी सापडलेली बाटली पोलिसांनी ताब्यात घेतली होती. पुडीत विष वगैरे काही नव्हतं. साखर होती, तंतू होते, कॉफीचा अर्क होता, आणि ते जंतूही असतील. घरी बसल्या माणसाला गॅस झाला असता, एवढंच. पण उन्हात पळणाऱ्या, रक्त आटलेल्या आतड्यात एवढं घट्ट काही गेलं की ते अंगातलं पाणीच ओढून घेतं.

पुरुषांच्या विभागात अतिकभाई होते. उजवा हात खांद्यापर्यंत भाजलेला, तीन बरगड्या मोडलेल्या, एका कानाने ऐकू येणं बंद. त्यांच्यापासून थोड्याच खाटा सोडून हितेंद्र होता, जबडा तारांनी बांधलेला, खाटेशी पोलीस बसलेला.

हवालदार तोताराम जबाब घ्यायला येणार होते त्याच्या आधी यशोदाबाई आली. दारातच चप्पल काढली आणि हातात घेतली.

"भाऊनं तोंड फोडं तू," ती म्हणाली. "ज्यानी तुले खांद्यावर नाचाडं, त्यानं."

"आई, त्याने काय केलं ते बघ जाऊन. त्या खाटेवर बघ."

"माले नही देखनं!" चप्पल मेघाच्या गालावर बसली. पुन्हा बसली. सलाईनचा स्टँड हलला. "सांग त्या हवालदारले, हितू तठे नव्हताच. सांग, तुले काही दिसनं नही, तू बेहोश व्हती. भाऊनं नाव लेवानं नही. समजनं का?"

मेघाने हात वर केला नाही. आई दमेपर्यंत तिने मार खाल्ला. मग आई खाटेच्या कडेला बसून रडू लागली, आणि मेघाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तोताराम आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. आईला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. "बोल, बाई. पहिल्यापासून."

मेघा पहिल्यापासून बोलली. जळगावच्या डब्यापासून. भावाचं नाव तिने घेतलं, आणि ज्या पोरांना ओळखत होती त्यांचीही. "उलथणं मी मारलं," तिने सांगितलं. "दोनदा. तिसऱ्यांदाही मारणार होते."

"ते लिहू का?"

"लिहा."

तोपर्यंत गावात फोनवरून वेगळंच फिरत होतं. धावपटू पोरीला दह्यातून विष दिलं, असा मजकूर, त्याखाली रस्त्यावर पडलेल्या मेघाचा व्हिडिओ. धुळ्यात दुकानं बंद झाली. पारोळ्याला दुधाच्या एका टेम्पोवर दगड पडले, त्याच्या चालकाचा आणि दह्याचा काडीचा संबंध नव्हता. हे ऐकलं तेव्हा मेघाने खाटेवरच नर्सकडून फोन मागून घेतला, समोर धरला आणि बोलली. आपण कोण, काय खाल्लं, काय प्यायलो, कोणी दिलं. गालावर चपलेचे वळ होते, ते तसेच दिसू दिले. "दह्याचं नाव मी घेतलं," ती म्हणाली, "ते चुकीचं होतं. मला माझ्या भावाने आजारी पाडलं. अतिकभाईंनी नाही." त्या व्हिडिओखाली लोकांनी तिला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पुढे दगड पडले नाहीत.

घरी ती परत गेली नाही. तिचे कपडे आणि बूट गोणीत भरून कोणीतरी फाट्यावर ठेवले होते, ते जीपवाल्याने आणून दिले. देवपुरात तिने एक खोली घेतली, जवळच्या शाळेत खेळाच्या तासिका धरल्या. अरिबा तिच्याशी बोलत नव्हती. दवाखान्यात दोघी समोरासमोर आल्या तर अरिबा भिंतीकडे बघून निघून जायची. फक्त एकदा ती थांबली होती. "मी तुला एवढं समजावून सांगितलं होतं," ती म्हणाली होती. "पोटात काय गेलं हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि तू दही म्हणालीस."

पावसाळा सरता सरता ती पुन्हा पळू लागली, आता एकटीच, नगावबारीच्या दिशेने. अशाच एका सकाळी मागून मोटारसायकलचा आवाज आला. इंजिन तिच्या ओळखीचं होतं. ती वळली नाही.

हितेंद्र जामिनावर सुटला होता. तो बाजूने चालवू लागला, पूर्वीसारखाच, पूर्वीच्याच अंतरावर. जबडा वाकडा जुळला होता, त्यामुळे शब्द दातांत अडकत होते.

"तू जिकाले पाहिजे म्हनीसन टाकं मी," तो म्हणाला. "दुसरं काही मनमा नव्हतं."

"ते कळलं मला." ती पळत राहिली. "पण नंतरचं? मला उचललंस तेव्हा तुला माहीत होतं."

एक ट्रक दोघांना घासून गेला.

"बठ्ठा देखत व्हतात," तो शेवटी म्हणाला. "बठ्ठासना समोर मी सांगू, की मीच करं? मीच, तुन्हा भाऊनी?"

"हो. सगळ्यांसमोर तेच सांगायचं होतं. आता कोर्टात सांग."

"जबाब फिराय, मेघा. आई जेवत नही."

"नाही फिरवणार."

त्याचा पाय हँडलच्या बाजूने आला तो तिला दिसला, पण चुकवायला वेळ नव्हता. लाथ कमरेत बसली. ती डांबरावर आडवी घसरली, गुडघा फाटला, कोपर सोललं, तोंडात माती गेली. मोटारसायकल थोड्या अंतरावर थांबली. तो मागे वळून बघत होता, त्याचा वाकडा जबडा हलत होता. मेघा उठली. रस्त्याच्या कडेचा दगड तिने हातात घेतला, मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्याकडे चालू लागली. पळाली नाही, चालत गेली. तो बघत राहिला. मग त्याने गाडी सुरू केली आणि सोनगीरच्या बाजूला निघून गेला.

तिने दगड टाकून दिला.

तिच्या खोलीआधी अतिकभाईंचं घर लागायचं. रोज ती त्या गल्लीच्या तोंडावरून मान खाली घालून निघून जायची. आज लंगडत जाताना अतिकभाई ओट्यावर बसलेले होते, उजवा हात पट्टीच्या बाहीत, बोटं एकमेकांना चिकटून वाकडी झालेली. त्यांनी तिचा गुडघा पाहिला, बुटात उतरणारं रक्त पाहिलं.

"किसने?" त्यांनी विचारलं.

तिने मागे रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"अरिबा," त्यांनी आत हाक मारली. "डेटॉल ला. कापूस भी."

अरिबा बाहेर आली. दारात मेघाला बघून थबकली. मग ओट्यावर बसली, मेघाचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि डेटॉलचा बोळा जखमेवर दाबला. जरुरीपेक्षा जास्त जोरात दाबला. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पाय हलवला नाही.

"कोर्टाची तारीख कधी आहे?" अरिबाने विचारलं, जखमेकडे बघत.

"सोमवारी."

"मी पण येणार आहे," अरिबा म्हणाली, आणि जखमेतले खडे निवडायला तिचा गुडघा उजेडाकडे वळवला.